शेवटची अकरा पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नीताला, माझ्या बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडासुद्धा माझ्याआधी कळतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी शारजात राहतो आणि रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात माल तपासायचं खातं सांभाळतो. आमच्याकडे टाइल बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. आत तडा असेल तर आवाज बद्द येतो. सव्वीस वर्षांत मी एकही खेप न वाजवता पुढे सोडलेली नाही. न वाजवताच शिक्के मारणाऱ्या एका माणसाला मी सगळ्यांदेखत झापलं होतं — ते आठवलं की आता माझेच कान तापतात.

इटालियन मी इथेच शिकलो. यंत्रं इटलीची, त्यांच्या पुस्तिका इटालियन, भट्टी लावायला येणारे मेकॅनिकही तिकडचेच. त्यातला एक जण परत जाताना वाचून झालेल्या कादंबऱ्या माझ्या टेबलावर ठेवून जायचा. आधी शब्दकोश घेऊन अडखळत वाचल्या, मग चटकच लागली. चिपळूणच्या माणसानं भट्टीशेजारी बसून इटालियन कादंबऱ्या वाचाव्यात, याचं लोकांना फार कौतुक. मला त्याहून जास्त. चार वर्षांपूर्वी तिकडच्या एका छोट्या गावातल्या पुरस्काराला परदेशातला एक साधा वाचक परीक्षक म्हणून हवा होता. पहिल्या कादंबरीसाठीचा पुरस्कार. त्या मेकॅनिकनं माझं नाव सुचवलं आणि मी लगेच हो म्हणालो.

"अहो, जमणार आहे का?" नीतानं विचारलं. मला तिचा रागच आला.

एकतीस कादंबऱ्या, सात आठवडे. त्यात कारखान्याचं वार्षिक शटडाऊन, म्हणजे भट्ट्या बंद करून दुरुस्तीची धावपळ. मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचो, डेंटिस्टकडे वाचायचो, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाड्या थांबल्या की स्टिअरिंगवर पुस्तक टेकवायचो. चौदाव्या पुस्तकानंतर सगळी माणसं एकमेकांत मिसळायला लागली. प्रत्येक पुस्तकात कुणाचे तरी वडील जात होते आणि कुणीतरी गावी परतत होतं. कोण कुठल्या पुस्तकातलं? फोरमन डोकावून म्हणायचा, "सर, किताब बाद में. यल्ला, पहले टेस्टिंग खलास करते हैं." एकदा मुलीला क्लासवरून आणायला गेलो होतो. ती गाडीत येऊन बसली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, यू आर नॉट रीडिंग. यू आर जस्ट टर्निंग पेजेस."

मी हसलो. गाडी सुरू केली.

पण बघा — मी थकव्याचंच पुराण लावलंय. खरी गोष्ट पुढेच आहे.

प्रत्येक पुस्तकावर आठ-दहा ओळींचा अभिप्राय लिहायचा आणि तो परीक्षकाच्या नावासकट लेखकाकडे जायचा, असा तिथला रिवाज होता. सत्ताविसावं पुस्तक एल्डाबाईंचं. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर लाँड्री चालवलेल्या बाई. दोन बहिणींची कथा — एकाच लाँड्रीत काम करतात आणि कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. मी सदतीस पानं वाचली. बरी वाटली. मग पुस्तक मिटलं आणि अभिप्रायात लिहिलं — शेवट घाईनं उरकला आहे.

हे वाक्य का, माहीत आहे? न वाचलेल्या पुस्तकाबद्दल याहून सुरक्षित वाक्य नाही. आपला शेवट जमला की नाही, ही धास्ती प्रत्येकच लेखकाला असते. तो नाही कसं म्हणणार?

बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं. दोन महिन्यांनी एल्डाबाईंचं पत्र आलं, हातानं लिहिलेलं. घरच्यांनी, गावातल्यांनी सगळ्यांनी शेवटाची स्तुती केली होती, पण ती माणसं माझीच, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे होतं — एवढ्या लांबच्या, माझ्याकडून काहीही नको असलेल्या माणसानं खरं सांगितलं, याबद्दल आभार. नवी आवृत्ती निघते आहे — शेवटचं प्रकरण काढून टाकू का?

तेव्हा मी ते पुस्तक वाचलं. शनिवार होता, सकाळ होती, मला कसलीही घाई नव्हती. शेवटचं प्रकरण अकरा पानांचं. त्यात काहीच घडत नाही. एक मोठी चादर वाळलेली असते आणि घडी घालायला दोन माणसं लागतात. बहिणी दोन-दोन टोकं धरतात, जवळ येतात, मागे जातात, पुन्हा जवळ येतात. एक शब्द बोलत नाहीत. मी डोळे पुसले. एकतीस पुस्तकांत यासारखं काही नव्हतं.

आणि मग मी उत्तर लिहिलं. "आपण योग्य विचार करत आहात. माझं मत कायम आहे."

दुसरं काही लिहायचं, तर आधी मी वाचलंच नव्हतं हे कबूल करावं लागलं असतं. एका अनोळखी बाईसमोर. अडीच हजार मैलांपलीकडे. तेवढंही माझ्यानं झालं नाही. पहिली गोष्ट थकून गेलो होतो म्हणून घडली, असं म्हणता येईल. ही दुसरी मी पोटभर नाश्ता करून, नीट अक्षरात केली.

नवी आवृत्ती मला टपालानं आली. आरंभी आभारात माझं नाव आहे. कादंबरी आता धाकटी बहीण गाठोडं घेऊन दारात उभी राहते, तिथे संपते. ती आत येते की नाही, हे नव्या वाचकाला कधीच कळणार नाही. जुनी प्रत माझ्या कपाटात आहे.

शनिवारी बाल्कनीतले कपडे काढताना नीता हाक मारते, "अहो, जरा चादर धरा." मी दोन टोकं धरतो. ती जवळ येते तेव्हा मी खाली बघतो. तिला वाटतं, माझी पाठ दुखतेय.

एल्डाबाई अजून आहेत. नवीन वर्षाला त्यांचं कार्ड येतं. पत्ता त्यावर असतो, स्वच्छ अक्षरात. मी कार्डाबद्दल आभार मानतो, तब्येतीची चौकशी करतो. यंदाही तेवढंच केलं.