सायली परबचा तास

सायली परबला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रिकाम्या वर्गाला शिकवत होती. मधली सुट्टी होती, मुलं खाली मैदानात होती, आणि सहावी ‘ब’च्या फळ्यापाशी उभी राहून ही बी.एड.ची बारकीशी मुलगी बाकांना सांगत होती, “मासिक पाळी.” मग जरा थांबून, मोठ्याने, “मासिक पाळी.” मला दारात बघून दचकली, पण गप्प झाली नाही. म्हणाली, “आवाज दगा देतो हो बाई. वाक्य नीट निघतं, त्या शब्दापाशी आलं की खाली जातो. आणि तो खाली गेला की पोरांना कळतंच, हे काहीतरी लपवायचं आहे.”

मुलुंडच्या आमच्या मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. दरवर्षी छात्रशिक्षक येतात, त्यांचे सराव पाठ बघायचं काम माझ्याकडे. बहुतेक जण चुंबक, पाण्याची वाफ असले बिनधोक विषय मागून घेतात. सायलीने वयात येण्याचा पाठ मागितला. आमच्याकडे एक डॉक्टरीणबाई येऊन हा विषय मुलींना हॉलमध्ये सांगत, आणि मुलग्यांना तेवढा वेळ मैदानात सोडत. सायली म्हणाली, “मुलगे वर्गातच बसतील. बाहेर काढलं की खिडकीतून ऐकणार, आणि अर्धंच ऐकणार.”

ती भांडुपची. घर मूळचं मालवणकडचं. आजोबा गिरणीत होते, वडील लिफ्ट दुरुस्त करतात. तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, “गप रव, कोणाक सांगा नको.” आपल्याला काहीतरी भयंकर आजार झालाय या समजुतीत ही पोरगी तशीच शाळेत जात-येत राहिली. “आईचा राग नाही आला कधी,” ती मला म्हणाली. “तिला तरी कुणी सांगितलं होतं?”

पाठाच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले. तिने सुरुवात मुलींपासून केलीच नाही. एक मुलगा उत्तर द्यायला उठला आणि त्याचा आवाज मध्येच चिरकला. वर्ग खिदळला. सायलीही हसली. “झालं हसून? आता सगळ्या मुलग्यांनी गळ्याला हात लावा. याचा आवाज आज फुटला, तुमचा यंदा नाहीतर पुढच्या वर्षी फुटणार. सुटका कुणाचीच नाही.” हात आपोआप गळ्यावर गेले. तिथून ती मिसरुडावर आली, मुरुमांवर आली, आणि बोलता बोलता पाळीवर. आवाज जराही हलला नाही. खाली बघणाऱ्या मुली हळूहळू वर बघायला लागल्या. एकीने विचारलं, “बाई, पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खराब होतं ना?” सायली म्हणाली, “मी लावून बघितलाय. खराब व्हायच्या आधी लोणचंच संपलं.” जे येत नसे त्याला ती सरळ म्हणे, “हे मला माहीत नाही. विचारून उद्या सांगते.” आणि उद्या सांगायचीच.

दुसऱ्याच दिवशी एक आई मुख्याध्यापिकांकडे आल्या. “काय शिकवलंत पोराला? काल जेवताना सगळ्यांसमोर विचारतो, आई, तुझं पोट दुखतंय का?”

मुख्याध्यापिकांनी सायलीचा पुढचा पाठ थांबवला. पाठ अपुरे राहिले असते तर तिचं वर्ष वाया गेलं असतं. मी भांडायलाच निघाले होते, तिने माझा हात धरला. “बाई, वाद नको. शनिवारी पालकांना बोलवूया. मुलांना सांगितलं तेच त्यांना सांगते. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मग ठरवू देत ना त्यांना.”

शनिवारी वर्ग भरला. मोठी माणसं छोट्या बाकांवर अवघडून बसली होती. सायलीने खरंच तोच तास घेतला, बापांना गळ्याला हातसुद्धा लावायला लावला. शेवटी भिंतीला टेकून उभे असलेले एक गृहस्थ बोलले. रिक्षा चालवायचे, अंगात खाकी शर्ट तसाच होता. “बाई, मुलीची आई गेली. घरात मी आणि ती, दोघंच. तुम्ही सांगितलंत ते कळलं. पण ते पॅड लावायचं कसं? तिने विचारलं तर मी काय सांगू?”

कुणी हसलं नाही. सायलीने पर्समधून पॅडचं पाकीट काढलं, टेबलावर सगळं सावकाश दाखवलं आणि म्हणाली, “आता तुम्ही करा.” त्यांनी केलं, पण चिकटपट्टी बोटांनाच चिकटली. तेव्हा पहिल्या बाकावरून तक्रार करणाऱ्या त्याच बाई उठल्या. “अहो, असं नाही. द्या इकडे.” त्यांनी नीट करून दाखवलं, मग मुख्याध्यापिकांकडे वळून जरा तोऱ्यातच विचारलं, “यांचा पुढचा पाठ कधी आहे?”

पुढचे सगळे पाठ झाले. आता आमच्या शाळेत या तासाला मुलगे मैदानात जात नाहीत. सायली देवनारच्या एका शाळेत नोकरीला लागली. ही माझ्या हाताखाली तयार झाली, असं मी कुणी विचारलं नसतानाही लोकांना सांगते.

काही महिन्यांनी ते रिक्षावाले गृहस्थ गेटपाशी थांबले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “आली बाई पाळी पोरीला. ती नाही घाबरली, मीच घाबरलो. मला म्हणते, बाबा, परबबाईंनी शिकवलंय मला, तुम्ही चहा टाका.”

मी तिथूनच सायलीला फोन लावला. सगळं ऐकून, नाक ओढत तिने विचारलं, “टाकला का त्यांनी चहा?”

“टाकला गं,” मी म्हटलं. “आलं घालून.”