कॅरिअरवरचं वजन

गिअरच्या सायकलला कॅरिअर लावून मागणारा माणूस उज्जैनमधल्या देवास गेटच्या सायकलवाल्याने जन्मात पाहिला नव्हता. "बाबूजी, इस पे बैठेगा कौन?" त्याने हसत विचारलं. दिलीप तेलंग "सामान" म्हणाले आणि त्यांनी नजर चुकवली. वीज मंडळातून निवृत्त झालेला, एकसष्ट वर्षांचा सरळ माणूस. थापा मारायची सवय नव्हती. पण खरं सांगितलं असतं, तर त्याने सायकल सोडून यांनाच दुरुस्तीला घेतलं असतं.

बसणार होती अलका, त्यांची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

त्याचं असं झालं. ती गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून दिलीपराव सायकल चालवू लागले. आधी टावर चौकापर्यंत, मग नानाखेड्यापर्यंत, मग गावाबाहेर. एकदा बडनगरहून परतताना काही खायचं राहूनच गेलं. ऐंशी किलोमीटर झाले, पायातला जीव गेला, समोरचा रस्ता दुधात भिजवल्यासारखा मऊ दिसायला लागला, आणि मागून आवाज आला, "जरा हळू चालवा ना, चप्पल पडेल माझी." लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अलका अशीच मागे बसायची, एका हाताने त्यांचा शर्ट धरून. त्यांनी वळून पाहिलं नाही. पण मागे वजन होतं, हे त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं असतं. घरी येऊन ते वरणभात जेवले आणि ती निघून गेली. तेव्हा सायकलला कॅरिअर नव्हतं. बिचारी बसली तरी कशावर असेल, या विचाराने त्यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी देवास गेट गाठलं.

पुढे युक्ती कळली. पोट भरलेलं असलं की ती येत नाही. शरीर रिकामं झालं की येते. सायकल क्लबचा हर्षल त्यांना पोटतिडकीने समजावायचा, "काका, अंगातला साखरेचा साठा तीन-चार तासांत संपून जातो. मग डोकंही काम नाही करत. दर तासाला काहीतरी गोड, पिष्टमय पोटात जायलाच पाहिजे. तुम्ही ऐकूनच नाही राहिले!" दिलीपराव अगदी मन लावून ऐकायचे आणि नेमकं उलटं करायचे.

मुलगी पल्लवी राजगिऱ्याचे लाडू आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे बांधून द्यायची. डबा रिकामा परत यायचा, पण बाबा पांढरेफटक होऊन यायचे. मागच्या खेपेला तर ते घरच्याच दारापाशी उभे राहून कुणाकडे जायचं ते आठवत राहिले होते. तेव्हा पल्लवीने बजावलं, "बाबा, पुन्हा असं झालं तर सायकल बंद. आई गेली, आता तुम्हीही असं करून राहिले तर मी कुठे जाऊ?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दिलीपरावांना फार वाईट वाटलं. तरीही जानेवारीत क्लबची सुसनेरपर्यंतची दोनशे किलोमीटरची फेरी ठरली, तेव्हा त्यांनी जाताना आगरच्या चहावाल्याला सगळा डबा देऊन टाकला. इतका लांबचा प्रवास अलकाबरोबर कधी झालाच नव्हता.

परतताना क्लबची मंडळी पुढे निघून गेली, आणि ती आली. दोन्हीकडे हिरवा गहू, वर कोवळं ऊन, आणि मागे तिची बडबड. माईंच्या लोणच्याला बुरशी आली, शेजारच्या ऋताचं लग्न ठरतंय, पडदे धुवायला टाकायचे. हे सगळं कधीचं होऊन गेलेलं होतं, तरी दिलीपराव हुंकार देत होते. पाय आपले फिरत होते. रस्ता वर चढतोय की उतरतोय तेही कळत नव्हतं, आणि कळायला नको होतं. असंच जावं, उज्जैन येऊच नये, असं त्यांना वाटत होतं.

घोसला गावाच्या अलीकडे सायकल झोकांड्या खात संत्र्यांच्या ढिगापाशी जाऊन थांबली. संत्री विकणारी बाई धावत आली. "अरे बाबूजी! बैठो पहले. अकेले हो?"

"नाही, नहीं," दिलीपराव म्हणाले. "ये है ना साथ में. माझी बायको."

बाईने कॅरिअरकडे पाहिलं. ती हसली नाही. "क्या नाम है उनका?" तिने हळूच विचारलं.

दिलीपरावांनी तोंड उघडलं, आणि नाव आलं नाही.

पुन्हा प्रयत्न केला. पडदे आठवत होते, लोणचं आठवत होतं, शर्टाला धरलेली मूठही जाणवत होती. नाव नव्हतं. इतकी भीती त्यांना दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दिवशीही वाटली नव्हती.

बाईने संत्रं सोलून फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या. "खाओ. सब याद आ जाएगा."

त्यांना ठाऊक होतं काय होणार ते. एक संत्रं संपलं, दुसरं संपलं. बडबड पुसट होत गेली. तिसऱ्यानंतर त्यांना वाटलं, पुरे, अजून थोडी आहे ती, राहू द्यावी. पण बिननावाची कशी राहू द्यायची? त्यांनी चौथं हातात घेतलं. गहू पुन्हा नुसता गहू दिसू लागला, आणि शर्टावरची पकड सुटली.

"अलका," ते म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "अलका नाम है. मेरी घरवाली. चार साल हो गए उसको गए."

हे त्यांनी आजवर कुणालाच स्वतःच्या तोंडाने सांगितलं नव्हतं. बाई शेजारी येऊन बसली. दिलीपरावांनी एकदा वळून कॅरिअरकडे पाहिलं, आणि रडत रडतच पाचवं संत्रं सोलायला घेतलं.