भाऊजींच्या प्रबंधाला लागलेली डोकी

माझ्या धाकट्या दिरांना घरात सगळे ‘प्राध्यापक’ म्हणतात. ते प्राध्यापक कधीच नव्हते. पण लहानपणी दूध नासलं की ते का नासलं यावर पाहुण्यांसमोर उभं राहून बोलायचे, तेव्हा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजी अर्थशास्त्रात एम. ए. करत होते आणि शेवटच्या वर्षाचा प्रबंध त्यांच्या मानगुटीवर बसला होता.

पहिला विषय त्यांनी जेवता जेवता जाहीर केला. “जागतिक मंदी आणि मानवजात.”

“छान आहे,” सासूबाई म्हणाल्या. “आधी पानातलं संपव.”

कॉलेजातल्या मार्गदर्शक बाई इतक्या प्रेमळ नव्हत्या. “मानवजातीचे आकडे कुठून आणणार?” त्यांनी विचारलं. भाऊजींनी म्हणे खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाईंनी त्यांना सरळ ग्रंथालयाची वाट दाखवली.

तिथल्या ग्रंथपालांनी त्यांना आकडे कुठेकुठे असतात ते समजावलं: जनगणना, घरखर्चाच्या पाहण्या, बँकांचे तक्ते, किमतींचे निर्देशांक. भाऊजींनी घरी येऊन ते सगळंच्या सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. कॉम्प्युटरला धाप लागली. “वहिनी, सोन्याची खाण सापडली!” ते ओरडले. थोड्या वेळाने बघते तर खाणीसमोर डोकं धरून बसलेले. रकान्यांची नावं होती ‘क-सात-ब’ आणि ‘क-सात-भ’, आणि त्यांचा अर्थ सांगणारी फाईल उघडतच नव्हती.

ते पुन्हा ग्रंथपालांकडे गेले.

“तुम्हाला नक्की काय शोधायचंय?” ग्रंथपालांनी विचारलं.

“आकडे.”

“कशाचे?”

“चांगल्यापैकी असले म्हणजे झालं.”

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. “आधी प्रश्न ठरवा,” ते म्हणाले. “मग विचार करा, की ही गोष्ट मोजून ठेवायची गरज कुणाला पडली असेल? मग त्याचं दार ठोठावा.”

प्रश्न मिळाला तो सलूनच्या खुर्चीत. भाऊजींच्या नेहमीच्या सलूनवाल्याने दर वाढवले होते, आणि मागच्याच गल्लीत तोच कट निम्म्यात होत होता. का? जागेचं भाडं? कारागिराचा हात? की निव्वळ मनमानी? भाऊजी अर्ध्या कापलेल्या केसांनिशी खुर्चीतून उठायला निघाले होते. सलूनवाल्याने खांदे दाबून बसवलं म्हणून बरं.

आता आकड्यांचा शोध. सरकारी निर्देशांकात केस कापणं होतं, पण ‘इतर सेवा’ या गाठोड्यात, चपला दुरुस्तीला चिकटून. त्यातून केस वेगळे काढता येईनात. सलूनवाल्यांच्या संघटनेकडे जुन्या नोंदी असतील म्हणून तिकडे गेले, तर नोंदी फक्त सहलीला कुठे जायचं यावरच्या भांडणांच्या. शेवटी भाऊजींनी प्रश्नावली छापली आणि सलूनं पालथी घातली. पण हातात कागद दिसला की सलूनवाले सावध व्हायचे. कुणी दर चढवून सांगायचा, कुणी उतरवून. एकाने तर “कर खात्यातून आलात ना?” म्हणून भाऊजींना जबरदस्तीने चहा पाजला.

“खरा दर फक्त गिऱ्हाइकाला कळतो,” भाऊजी म्हणाले, आणि स्वतः गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं.

अडचण साधी होती. डोकं एक आणि सलूनं भरपूर. पहिल्या सलूनमध्ये मध्यम कट, दुसऱ्यात बारीक, तिसऱ्यात त्याहून बारीक. चौथ्या सलूनवाल्याने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “साहेब, आता नुसतं पुसून देऊ का?”

मग घरातली डोकी कामाला लागली. माझा नवरा ऑफिसातून आला की त्याला चहाच्या आधी सलूनमध्ये पाठवायचे. वरच्या मजल्यावरच्या काकांना “शास्त्राची सेवा” म्हणून गळ घातली. माझ्या माहेरून भाऊ दोन दिवस राहायला आला होता. परत गेला तेव्हा माझ्या आईने फोन करून विचारलं, “तिकडे उवा झाल्यात का गं?”

राहता राहिले सासरे. त्यांच्या डोक्यावर मधे लख्ख मैदान आणि कानांवर थोडी हिरवळ. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि तेच त्यांना लागलं होतं. एके दिवशी ते कुणाला न सांगता गेले, आणि आले ते लालबुंद होऊन.

“त्याने मला सवलत दिली!” ते दारातूनच गरजले.

“मग चांगलंच झालं की,” सासूबाई म्हणाल्या.

“चांगलं काय? सगळ्यांसमोर म्हणाला, काका, तुमचं काम थोडंच आहे!”

भाऊजींनी इमानदारीत ती सवलतही मांडली, आणि त्यांची सरासरी घसरली. मार्गदर्शक बाईंनी तक्ता बघितला आणि त्या ओळीखाली लाल रेघ मारली. “हा अपवाद दिसतोय. वगळा.”

भाऊजींनी हे घरी सांगायला नको होतं.

“मला वगळणारी ती कोण?” सासऱ्यांनी टोपी चढवली आणि थेट कॉलेज गाठलं. भाऊजी मागून धावत होते. बाईंच्या खोलीत शिरून सासऱ्यांनी टोपी काढली आणि डोकं पुढे केलं. “बघा. हे डोकं नाही का?”

बाई गांगरल्या. “आहे ना, काका. पण तुमचा दर वेगळा...”

“अहो, जगात माझ्यासारखी डोकी काय मी एकट्यानेच आणलीत? आमचा वेगळा गट करा! पण बाहेर काढू नका.”

बाईंनी भाऊजींकडे पाहिलं, मग टकलाकडे, मग तक्त्याकडे. त्यांना हसू आवरेना, पण मुद्दा पटला. कमी केस आणि पूर्ण केस असे दोन गट झाले. कमी केसांच्या गटात सासरे एकटे पडू नयेत म्हणून भाऊजींना बागेतल्या बाकांवर बसून आणखी माणसं जमवावी लागली. टक्कल दिसलं की भाऊजी नमस्कार करायचे. दोघांनी त्यांना विमा एजंट समजून पळ काढला.

निष्कर्ष मात्र फर्मास निघाला. भाडं, हात, जागा यांपेक्षा दराचं नातं सलूनमधल्या आरशांशी होतं, तेही भाऊजींनी मोजून ठेवले होते. आरसे जितके जास्त, तितका दर चढा. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “म्हणजे आरसे लावले की दर वाढतो, की दर वाढवला की आरसे परवडतात?”

भाऊजी आरशांच्या रकान्यावरून बोट फिरवत म्हणाले, “सर, हे मला ठाऊक नाही.”

एवढ्या वर्षांत त्यांनी हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं असावं. परीक्षक खूश झाले आणि त्यांनी पास करून टाकलं. सासूबाईंनी ऐकलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. “असं म्हणाला? आमचा?”

पुढे भाऊजींना बाजारातले भाव टिपण्याच्या खात्यात नोकरी लागली. दर आठवड्याला तीच दुकानं, त्याच वस्तू, आणि कोणी काही म्हणो, खरा भाव. ते मनापासून सुखात आहेत. फक्त मी त्यांना भाजी आणायला बरोबर नेणं बंद केलंय. परवा मी वांग्यांच्या भावात घासाघीस करायला गेले, तर भाऊजींनी भाजीवाल्यासमोरच माझा हात धरला.

“वहिनी, नको गं. भाव बिघडतो.”

भाजीवाल्याने त्यांना खुर्ची दिली.