काशीच्या घरातली माझी घागर

भानामती, चकवा, अंगात येणं... असल्या गोष्टींना मी जन्मात भीक घातली नाही. नांदेडात नदीकाठी राहून घाटावरच्या भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसायची. तरी हे लिहायला बसलेय, कारण हे ऐकीव नाही, माझंच आहे.

निजामाची शेवटची वर्षं होती. गावात नळ नवे आले होते, पण घरात नाही — गल्लीच्या तोंडाशी एक खांब अन् त्याला तोटी. पाणी एका वेळी एकाच गल्लीला. ही पाळी सांभाळायचं काम आमच्या ह्यांचं. कमरेएवढी लोखंडी चावी जमिनीतल्या व्हॉल्व्हला लावायची अन् फिरवायची.

माझी धाकटी जाऊ काशी घाटाजवळच्या गल्लीत राहायची. माझ्या लग्नाला नऊ वर्षं होऊन कूस रिकामी, आणि तिला दुसऱ्याच वर्षी मुलगा! खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला. सासूबाई तिच्याकडं राहायला गेल्या, जाताना घरातलं तूप घेऊन गेल्या. मी दोन दिवस रडले, अन् विचारलं तर तुपासाठी रडतेय म्हणून सांगितलं.

बाराव्या दिवशी बाळंतिणीनं पाण्याची पूजा करायची आमच्यात रीत. घाटगल्लीतली विहीर बुजवलेली, म्हणून नळाचीच पूजा करायची ठरली. तोटीला कुंकू लावायचं, ती सोडायची, पहिल्या धारेची घागर भरायची. अन् धार आलीच नाही तर? चारचौघींत बाई पांढऱ्या पायाची ठरणार. माझ्या डोक्यात तेच बसलं.

त्या सकाळी हे घाटगल्लीचं पाणी सोडून घरी आले, भाकरी खाऊन लवंडले. मी चावी गोधडीत गुंडाळली अन् नदीवर धुणं घेऊन चालल्यासारखी निघाले. निघताना माझी घागर उतरंडीपाशी होती — माहेरची, रेणापूरची, गळ्याशी पोचा पडलेली. हे मला पक्कं आठवतं. घाटगल्लीच्या वळणावर व्हॉल्व्ह आवळून पाणी बंद केलं तेव्हा कचेरीत आठाचे टोले पडत होते. परत येऊन चावी जागेवर ठेवली, ओटीचं ताट घेतलं अन् थेट पूजेला गेले.

काशीनं तोटी फिरवली. नळातून नुसती हवा आली. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या, अन् मला आतून गुदगुल्या होत होत्या.

"जाऊ द्या," काशी म्हणाली. "अक्कानं सकाळीच भरून आणलेली घागर हाय की घरात."

आतून घागर आली. गळ्याशी पोचा.

"मी कधी आणली?" मी विचारलं.

"असं काय करता अक्का? आठाचे टोले पडत होते. बसा म्हणलं तर बोललाच न्हाई. घागर ठेवली, लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला अन् गेलात."

"मीच की दार उघडलं," सासूबाई म्हणाल्या. "लई जीव लावलास, पोरी." नऊ वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदा असं बोलल्या.

पूजा त्याच घागरीची झाली. घरी येऊन पाहते तर उतरंडीपाशी घागर नव्हती, अन् खुंटीवरची चुंबळ ओली होती. घाटगल्लीचा नळ कोरडा पडल्याचं ह्यांच्या कानावर आलं होतं. ह्यांनी माझ्या तळहाताला लागलेला गंज पाहिला. चावी उचलून बाहेर पडले.

भास म्हणावं तर दोघींना एकच भास कसा होईल? बरं, डोकं माझंच फिरलं होतं असं धरलं, तर घागर काय आपल्या पायानं चालत गेली? तर्क लावून लावून थकले.

अक्कानं माझी लाज राखली, असं काशी मरेपर्यंत सांगत राहिली. मी खाली मान घालून ऐकायची. काशीचा हेवा कधीच सरला. आता हेवा वाटतो तो त्या दुसरीचा... तिनं लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला. मी तर तो पोरगा चालायला लागेपर्यंत त्याला हात लावला नव्हता.

घागर अजून त्याच्याच घरी आहे. माझी आहे म्हणून मागायला मला तोंड नाही.