बियाण्याचा ड्राइव्ह

शाळेच्या संगणकासमोर बसण्याआधी लोमटेमामा चपला काढायचे, टोपी सारखी करायचे आणि शेजारी जो असेल त्याला विचारायचे, "बियाणं हाय न्हवं जागंवर?" मी शिक्षक म्हणून रुजू झालो त्या दिवशी हा प्रश्न मला आला. माझ्याकडे संगणकाची तीन प्रमाणपत्रं होती. त्यातल्या एकातही बियाण्याचा धडा नव्हता.

मामा प्रयोगशाळा सहायक. तामलवाडीकडचे, घरी थोडी कोरडवाहू जमीन. ॲसिडच्या बाटल्या न फोडता हाताळतात, एवढ्या पात्रतेवर मुख्याध्यापकांनी संगणक त्यांच्या गळ्यात मारला होता. त्यांच्यावर देखरेखीला आम्ही प्रमाणपत्रवाले. मशीन बंद पडलं की "अहो मामा" अशी हाक मारायची, ही आमची देखरेख. ती आम्ही चोख करायचो.

त्यांनी हार्ड डिस्कचे तीन भाग, म्हणजे तीन ड्राइव्ह, पाडले होते. एकात विंडोज, दुसऱ्यात शाळेची माहिती आणि तिसऱ्या लहान भागात विंडोज पुन्हा बसवायचं सगळं सामान. मशीन सुरू होताना पडद्यावर दोन ओळी यायच्या. दुसरी निवडली की त्या तिसऱ्या भागातूनच नवं विंडोज बसवता यायचं. तो तिसरा भाग म्हणजे बियाणं.

"पेन ड्राइव्ह ह्या शाळंत टिकत न्हाय, सर," ते म्हणायचे. "सकाळी आणला की सांजच्याला कुणाच्या तरी लग्नात गाणी वाजवाया गेलाच. म्हणून बियाणं घरातच ठिवायचं. आन् लई भूक लागली तरी ते खायाचं न्हाय."

माझ्या मेव्हण्याच्या लग्नात गाणी फार छान वाजली होती, त्यामुळे मी विषय वाढवला नाही.

पुढे स्नेहसंमेलन झालं. त्याचं चित्रीकरण ठेवायला जागा पुरेना. एक अख्खा ड्राइव्ह या अडाणी माणसाने अडवून ठेवलाय, असं म्हणत मी बियाणं पुसलं आणि तिथं संमेलन भरलं. त्यात निम्मा वेळ माझं सूत्रसंचालन होतं, म्हणजे जागा सत्कारणीच लागली होती.

दहावीचे अंतर्गत गुण ऑनलाइन भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी मशीन बसलं. निळा पडदा येई, पुन्हा काळा होई. सगळ्या पोरांचे गुण त्यातल्या दुसऱ्या भागात. कागद आम्ही रद्दीत घातले होते, कारण आता सगळं संगणकात असतं असं मीच बैठकीत सांगितलं होतं. सहा वाजता नोंदणी बंद होणार होती.

मामांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली, दुसरी ओळ निवडली. फाइल सापडत नाही, असं पडद्यावर आलं. त्यांनी पुन्हा निवडली. पुन्हा तेच.

"लोमटे, हे कुणी केलं?" मुख्याध्यापक कडाडले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा आयुष्यात पहिल्यांदाच इतका मन लावून बघत होतो.

"उंदीर असंल, साहेब."

"संगणकात उंदीर?"

"बियाणं म्हणलं की उंदीर आलाच, साहेब."

मुख्याध्यापकांनी शिपायाला पिंजरा आणायला पाठवलं. मामा गेले ग्रंथालयात आणि तिथल्या जुन्या मशीनची हार्ड डिस्क काढून रुमालात गुंडाळून घेऊन आले. "आमची आई बियाणं दोन जागी ठिवायची," एवढंच म्हणाले. ती डिस्क जोडली आणि तिच्यावरून विंडोज बसायला सुरुवात झाली.

कुठला भाग पुसून त्यावर विंडोज बसवायचं, असं पडद्यावर आलं. ओळखीची नावं नव्हती, नुसते क्रमांक आणि मापं. प्रमाणपत्रधारक या नात्याने मी पुढे झालो आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मामांनी माझं मनगट धरलं.

"नंबरावर जाऊ नका, सर. दुसरी डिस्क जोडली की नंबर बदलत्यात. माप वाचा."

खिशातून त्यांनी वही काढली. एका पानावर शेताचे गुंठे, समोरच्या पानावर ड्राइव्हची मापं. ओळखता यावेत म्हणून तिन्ही भाग त्यांनी मुद्दाम वेगळ्या मापाचे केले होते. "बांधावरचा दगुड शेजारी सरकवतोय. मोजून लिवलेलं सरकत न्हाय."

माझं बोट दहावीच्या गुणांवर होतं.

गुण वेळेत गेले. पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी माझ्या तांत्रिक मार्गदर्शनाचं कौतुक केलं आणि मामांना खोली स्वच्छ ठेवण्याची समज दिली. मामा "व्हय, साहेब" म्हणाले. मी आभार मानले. त्या आभारांची लाज मला आजही वाटते.

मामा निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी वारले. त्यांनी पुन्हा भरून ठेवलेल्या त्या ड्राइव्हकडे मी कधी फिरकलो नव्हतो. परवा मशीनमध्ये व्हायरस शिरला. नवं विंडोज बसवण्याआधी बियाणं जागेवर आहे का, ते बघायला मी तो ड्राइव्ह उघडला. नव्या मुख्याध्यापिका मागे उभ्या होत्या. सगळं सामान जागेवर होतं आणि वर एक छोटी चिठ्ठी टाइप केलेली होती.

"उंदरास नम्र विनंती. जागा कमी पडल्यास संमेलनाचे चित्रीकरण काढावे. बियाणे खाऊ नये. - लोमटे."

"हा उंदीर कोण?" मॅडमनी विचारलं.

मी चपला काढून बाजूला ठेवल्या.

"मी, मॅडम."