यादीत नसलेली सात यंत्रं

आमच्या दूध कारखान्यात तिला तोंडावर मॅडम आणि पाठीमागे शीबाई म्हणायचे. कुठलंही कपाट उघडलं, कुठलीही वायर ओढून बघितली, की तिच्या तोंडून पहिला शब्द यायचा "शी!" मग नाकाला रुमाल, मग वहीत नोंद. मी तिथला इलेक्ट्रिशियन. पहिली दोन वर्षं मीही तिची नक्कल करून लोकांना हसवायचो. माझी नक्कल सगळ्यांत चांगली जमते असं म्हणत.

तिचं काम काय हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. जिन्याखालच्या खोलीत, जिथे आधी झाडू आणि फिनेल ठेवायचे, तिथे तिचं टेबल. कारखान्यातली सगळी यंत्रं आता नेटवर्कच्या वायरने एकमेकांना जोडलेली. दूध तापवणारं यंत्र, पंप, टाक्या, बाटल्या भरायची लाइन. ती यंत्रं आपसात काय बोलतात ते शीबाईचा कॉम्प्युटर दिवसभर ऐकत असे. फक्त ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. कोणी नवं यंत्र जोडलं, कोणी अवेळी आकडा बदलला, की तिला कळायचं. मग ती चौकशी करायची, मेमो लिहायची, आणि वरून उत्तर यायचं, "नोंद घेतली." चार वर्षांत असे बेचाळीस मेमो. पालथ्या घड्यावर पाणी.

तिला किळस यायची ती नुसत्या झुरळांची नव्हे. एकदा मला म्हणाली, "एखाद्याच्या घरी स्वयंपाकाला आणि संडासला एकच बादली असली तर तू तिथे जेवशील का?"

"नाही बुवा."

"मग इथे दूध तापवायच्या यंत्राला आणि कॅन्टीनच्या टीव्हीला एकच वायर आहे. आणि ती तूच जोडलीस."

खरंच मीच जोडली होती. साहेबांना मॅच बघायची होती आणि नवी वायर ओढायला त्यांनी नाही म्हटलं होतं.

तिच्या घरी मी एकदाच गेलो, पंखा दुरुस्त करायला. दोन खोल्या, फरशी इतकी लख्ख की चपला बाहेर काढूनही पाय ठेवायला संकोच वाटला. नवरा शिंपी, खिडकीशी बसून पायाने मशीन चालवत होता. म्हणाला, "माझ्या मशीनला वायर नाही, म्हणून तर हिने माझ्याशी लग्न केलं." शीबाई हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं, म्हणून लक्षात आहे.

आता आमची घाण सांगतो. वर्षातून दोनदा बाहेरचे तपासनीस यायचे. त्यांच्या हातात यादी असायची, कारखान्यात नेटवर्कला जोडलेली यंत्रं एकतीस. प्रत्यक्षात होती अडतीस. वरची सात म्हणजे कॅन्टीनचा टीव्ही, साहेबांचा वायफायचा डबा, भाड्याचा प्रिंटर, गेटवरचे दोन कॅमेरे आणि दोन डब्या. डबी म्हणजे सिमकार्ड घातलेलं तळहाताएवढं खोकं. दूध तापवायचं यंत्र ज्या कंपनीने विकलं, तिच्या माणसाला दुरुस्तीसाठी इतक्या लांब यायचा कंटाळा. त्याने आमच्या पॅनलमध्ये एक डबी बसवली आणि एक जास्तीची पंपाला लावून दिली. आपल्या गावात बसून तो आमच्या यंत्राचे आकडे फिरवायचा. पासवर्ड पॅनलच्या दारावरच चिकटवलेला होता, एक दोन तीन चार.

तपासणीच्या दिवशी सकाळी साहेब मला म्हणायचे, "आवरून घे." मी बादली घेऊन फिरायचो आणि सातही वस्तू काढून वर्कशॉपमध्ये ठेवायचो. संध्याकाळी तपासनीस गेले की परत जोडायचो. यादी दरवेळी तंतोतंत जुळायची. आम्हाला शाबासकीचं पत्र यायचं, ते ऑफिसात काच लावून टांगलेलं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट मी किती झटपट काढतो याचा अभिमान होता. आज ते आठवलं की तोंडात आंबट पाणी येतं.

एका मंगळवारी आमचं दूध एका शाळेत गेलं आणि चौतीस पोरांना उलट्या झाल्या. सहा जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सगळी वाचली, पण एक मुलगी तीन दिवस डोळे उघडत नव्हती.

दूध बहात्तर अंशांवर तापवायचं असतं. त्या दिवशी पहाटे यंत्राचा आकडा त्रेसष्टवर आला होता आणि चाळीस मिनिटं तसाच होता. यंत्राला तोच आकडा बरोबर वाटला, त्यामुळे घंटा वाजली नाही. यंत्राच्या नोंदीत आकडा बदलणाऱ्याचं नाव होतं 'ऑपरेटर दोन'. म्हणजे आमचे काका.

काका माझे सख्खे काका नव्हेत, सगळ्या कारखान्याचे काका. एकतीस वर्षं त्या यंत्रावर उभे. निवृत्तीला सात महिने राहिले होते. मला सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं. मी नवा असताना हात भाजला तर स्वतःच्या डब्यातलं थंडगार ताक त्यावर ओतून म्हणाले होते, "प्यायला होतं, पण असू दे."

त्याच दिवशी दुपारी तीन वाजता साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दवाखान्यातून फोन येऊन तास झाला होता. साहेब म्हणाले, "तपासणीसारखं आवरून घे. आत्ता." बस, एवढंच. आणि मी बादली उचलली. पॅनलमधली डबी काढताना मला कळलं होतं. डबी आहे, म्हणजे बाहेरचा माणूस आकडा फिरवू शकतो, हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. मी स्क्रू काढले, वायरीचं टोक टेपने गुंडाळलं आणि कानावर हात ठेवले.

शीबाईने तिसऱ्याच दिवशी कागद पुढे केला. आकडा बदलायचा हुकूम काकांच्या पडद्यावरून आलेला नाही, यादीत नसलेल्या एका यंत्रावरून आला, असं तिच्या कॉम्प्युटरने ऐकलं होतं. साहेब हसले. "यादीत नाही ते यंत्र कारखान्यात नाही. पॅनल उघडून बघा. तुमच्या कॉम्प्युटरला भास झाला असेल." पॅनलमध्ये अर्थातच काही नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी पूर्ण झाली.

काकांना घरी बसवलं आणि सतराव्या दिवशी चौकशी झाली. मला साक्षीला नाही, ट्यूबलाइट लुकलुकत होती म्हणून बोलावलं होतं. मी शिडीवर होतो. खाली काका उभे, हातात टोपी. साहेबांनी विचारलं, "आकडा तुम्ही बदललात?"

काका म्हणाले, "मला आठवत नाही साहेब. पण नाव माझं आहे म्हणजे माझाच हात लागला असणार. वय झालंय. पोरांच्या आईबापांची मला माफी मागायची आहे, पत्ते मिळतील का?"

समितीतल्या एकाने बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून कपात पडलं आणि तो चमच्याने ते शोधत बसला. माणूस समोर मोडून पडतोय आणि हा बिस्किट शोधतोय! मला त्या खोलीची, त्या कपाची, त्या टायांची शिसारी आली. पण शिडीवरून मीही उतरलो नाही. ट्यूब बदलली आणि गेलो.

दोन दिवसांनी शीबाई वर्कशॉपमध्ये आली. बसली नाही. माझ्या टेबलावर वायरीचा एक तुकडा ठेवला. टोकाला निळी टेप.

"पॅनलमध्ये सगळीकडे दुधाच्या पावडरीचा बोटभर थर आहे," ती म्हणाली. "एकाच जागी तळहाताएवढा चौकोन स्वच्छ. चार स्क्रूंची भोकं. आणि त्याच्या शेजारी ही वायर."

"मग?"

"टेपचं टोक दुमडलंय. कायमचं काढणारा माणूस टोक दुमडत नाही. ज्याला परत जोडायचंय तो दुमडतो, नख लावलं की सुटावं म्हणून. या कारखान्यात टोक कोण दुमडतं?"

मी दुमडतो. काकांनीच शिकवलेली सवय. मी म्हणालो, "मॅडम, माझ्या घरी चार खाणारी तोंडं आहेत."

"माहीत आहे."

"साहेब म्हणालेत, शांत राहिलास तर सुपरवायझर करीन."

"शी!" ती म्हणाली. आजवर तिचा हा शब्द मी शंभरदा ऐकला होता, झुरळांसाठी, पासवर्डसाठी, टीव्हीसाठी. माझ्यासाठी पहिल्यांदाच. मला वाटलं होतं राग येईल. राग आला नाही. पटलं.

मी बादली टेबलाखालून ओढली आणि डबी तिच्या हातात दिली. तिने ती रुमालात धरली. मग मी लिहून दिलं. किती तपासण्यांना काढली, कोणाच्या सांगण्यावरून, त्या मंगळवारी किती वाजता.

पुढचं आधीच सांगून टाकतो, त्यात नवल काही नाही. डबीच्या नोंदीतली वेळ मिनिटाला मिनिट जुळली. यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवर कबूल केलं. त्याला दुसऱ्याच एका कारखान्याच्या टाकीचा आकडा त्रेसष्ट करायचा होता, सगळीकडे नाव 'ऑपरेटर दोन' आणि पासवर्ड एकच, पहाटेची झोप डोळ्यांत, चुकून आमचं यंत्र उघडलं. त्याला त्या चौतीस पोरांचं कोणी सांगितलंही नव्हतं. साहेबांची बदली मुख्य कार्यालयात झाली. तिथली केबिन म्हणे मोठी आहे. मला तीन महिने घरी बसवलं. काकांना सन्मानाने परत बोलावल्याचं पत्र गेलं.

पण पत्र जायच्या आधी, ज्या दिवशी मी लिहून दिलं त्याच संध्याकाळी, शीबाई म्हणाली, "रिपोर्ट मी लिहीन. पण काकांच्या घरी जाऊन हे तुझ्या तोंडाने सांगायचं. मी बरोबर येते, नाहीतर तू वाटेतून पळशील."

काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. दार काकूंनी उघडलं. काका खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली. मी सगळं सांगितलं. डबी, बादली, बाहेरचा माणूस. सांगताना मध्ये मध्ये "साहेबांनीच सांगितलं" असं चारपाच वेळा म्हणालो, तेवढं मला आठवतं.

"म्हणजे माझा हात नव्हता?" काकांनी विचारलं.

"नव्हता काका."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "एकोणीस दिवस झाले, हे नातीला जवळ घेत नाहीत. तिने पाण्याचा पेला मागितला तरी मला हाक मारतात. म्हणतात, माझ्या हातून काही द्यायला नको."

काका माझ्याकडे बघत होते. "तुला कधी कळलं रे?"

मी शीबाईकडे बघितलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. तिने मला मदत केली नाही, आणि का करावी?

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "दुपारी तीन वाजता."

काका उठले, शीबाईपुढे खुर्ची सरकवली. "बसा बाई. चहा घेऊन जा."

काकू आत गेल्या. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. त्यांनी मांडणीवरून तीन कप काढले, ओट्यावर ठेवले, आणि चौथा काढायला हात वर केला तेव्हा काका म्हणाले, "पुरे."

मी दाराशी जाऊन चपला घातल्या.