मुरमावरचा नवस

गुरुवारी दत्तकृपेनं चंदनचं जावळ उतरलं. पाच वर्षांचा झाला पोरगा, दोन वेण्या घालून अंगणवाडीत जायचा. पवनारच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आजी, नात गोड आहे तुमची." तर हा मांडीवरून ताठ होत म्हणतो, "मी पोट्टा आहो."

या वेण्यांचं मूळ माझ्या मोठ्या जावेच्या, नलूताईंच्या नवसात. गावामागच्या टेकडीवर दत्ताच्या पादुका आहेत. आता तिथं वनउद्यान झालंय. सून वर्षाली अडली तेव्हा ताई तिथं बोलून आल्या : बाळ-बाळंतीण सुखरूप सुटू दे, मी उंबर लावीन अन् त्याच्याच सावलीत जावळ काढीन. चंदन झाला. ताईंनी पादुकांशेजारी उंबर लावला.

पण टेकडीचा माथा म्हणजे निव्वळ मुरूम. खणायला लोखंडी सब्बल मारली की ठण्ण वाजते. तिथं सालई आणि धावडा तेवढे खडकाला धरून उभे. उद्यानातले बंडूजी म्हणालेही होते, की ताई, उंबराले ओल लागते, वरतं पाणी थांबत नाई. ताईंचं उत्तर ठरलेलं, देवाच्या मनात असलं की लागते. रोज सकाळी कळशी कमरेवर घेऊन चढायच्या. मी मागून प्रसादाची वाटी घेऊन धापा टाकत. पहिला उंबर वैशाखात वाळला. दुसरा त्याच्या पुढच्या वैशाखात. त्या दिवशी ताई देवाशी बोलल्या नाहीत, नुसती उदबत्ती लावून उतरल्या.

इकडे चंदनचे केस खांद्यावर आले. वर्षाली गुणाची, पण तोंडानं तिखट. म्हणाली, "आई, याच्या लग्नात मुंडावळ्या वेणीवर बांधाच्या काय?" ताई हसल्या, पण त्या रात्री जेवल्या नाहीत. शाळेत जायच्या आधी नवस फिटला नाही तर पोराचे केस काढायचे कसे, आणि देवाला तोंड दाखवायचं कसं, हा घोर त्यांना लागला होता.

तिसरं रोप घेऊन आम्ही श्रावणात चढलो. वर पोचलो आणि सर आली. सालईखाली आडोशाला उभ्या राहिलो. पादुकांपासून लाल पाण्याचा एक ओहोळ उतारावरून खाली निघाला होता. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. सर थांबताच रोप काखेत मारून त्या ओहोळामागं चालू लागल्या. मी म्हटलं, ताई, कुठं? त्या पुढं. मी घसरत घसरत मागं.

मधल्या उतारावर साग लागला. त्याखाली पळस, जमीन काळपट होत गेलेली. मग नाल्याचं वळण आलं. तिथं अर्जुन आणि जांभूळ दाट, आणि वरून आलेली लाल माती गाळ होऊन बसलेली. ताईंनी हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला.

"पाह्य वं," त्या म्हणाल्या, "देव वरतून माती खालतं धाडून राह्यला, अन् मी येडी वरतंच पाणी वाहून राह्यली."

अंगारा लावतात तसं त्यांनी त्या गाळाचं बोट कपाळाला लावलं आणि रोप तिथंच लावलं. बंडूजींनी काट्याचं कुंपण करून दिलं. पुन्हा कळशी उचलावी लागली नाही.

आता तो उंबर ताईंच्या डोक्यावर गेलाय. गुरुवारी त्याखाली पाट मांडला, चंदनला मामाच्या मांडीवर बसवलं. सावली जेमतेम एका पोराएवढी. मामा सगळा उन्हात. सावली सरकली की ताई ओरडायच्या, "सरकवा त्याले," आणि तानबा न्हावी वस्तरा उचलून थांबायचा. अर्धं डोकं एका जागी झालं, अर्धं दुसऱ्या. वर्षाली तर हसून हसून खाली बसली.

घरी येताना चंदननं डोक्यावरून हात फिरवला, मान वळवून टेकडीच्या माथ्याकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "आजी, माह्यं डोस्कं मुरूम झालं का?"

"नाई रे राजा," ताई म्हणाल्या, "काळी माती हाय ते. पाह्यजो, पोळ्यापर्यंत पीक येते."